उगारलेल्या शस्त्राचा अर्थ

शस्त्राने होणाऱ्या हानीची मोजदाद करण्याची आपली एक रूढ पद्धत आहे. किती इसम ठार झाले, किती जखमी झाले, किती मुद्देमाल लुटला गेला, एवढ्या रकान्यांत घटनेचा सारा वृत्तान्त बसविला की पंचनामा पुरा झाला असे आपण मानतो. आणि जे हत्यार भर रस्त्यात उगारले गेले, परंतु ज्याने कोणाच्या अंगास स्पर्श केला नाही, त्याच्याविषयी ‘सुदैवाने काही झाले नाही’ असे म्हणून स्वस्थ होतो. हे समाधान सद्भावनेतून येत असले तरी ते एका चुकीच्या विचारावर उभे आहे, आणि त्या चुकीची किंमत पुण्यासारख्या शहरातील सामान्य माणूस आज मोजीत आहे, अशी माझी दृढ धारणा आहे. दुसऱ्याच्या मनात भय उत्पन्न करण्याच्या हेतूने शस्त्र त्याच्या दृष्टीस पाडले गेले, की त्याच क्षणी त्या शस्त्राचा वापर झालेला असतो. पुढे वार पडो वा न पडो, अपराध तेथेच पूर्ण होतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

इंग्रजी भाषेत ‘ब्रँडिश’ असे एक क्रियापद आहे. जुन्या फ्रेंचमधील तलवारवाचक ‘ब्रँड’ या शब्दापासून ते निघाले, आणि कित्येक शतके त्याचा अर्थ तलवार परजणे, ती आवेशाने हवेत फिरविणे, एवढाच राहिला. त्यात रणांगणावरील वीरश्री होती, मिरवणुकीतील दिमाख होता. अपराधाची छटा असलीच पाहिजे असे नव्हते. पुढे मात्र कायदा करणाऱ्यांनी हा काव्यातील शब्द उचलून त्याला काटेकोर व्याख्येत बसविले. अमेरिकेच्या संघीय फौजदारी कायद्यात हिंसक गुन्हा किंवा अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा करताना जवळ बंदूक बाळगणाऱ्यास किमान ५ वर्षे, ती ‘ब्रँडिश’ करणाऱ्यास किमान ७ वर्षे आणि झाडणाऱ्यास किमान १० वर्षे, अशी चढती शिक्षा सांगितली आहे. तेथील व्याख्येप्रमाणे बंदूक संपूर्ण दिसली पाहिजे असेही नाही. तिचा एखादा भाग दाखविला, अथवा धाक घालण्याच्या उद्देशाने ती जवळ असल्याची जाणीव दुसऱ्यास अन्य कोणत्याही रीतीने करून दिली, तरी ते पुरेसे आहे. २०१३ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, शस्त्र दाखविल्यामुळे किमान शिक्षा ज्या अर्थी वाढते, त्या अर्थी ते दाखविले गेले ही गोष्ट ज्यूरीपुढे निःसंशय सिद्ध झाली पाहिजे. याचा भावार्थ असा की शस्त्राचे प्रदर्शन ही गुन्ह्याच्या कडेची एखादी नक्षी नसून तो स्वतंत्रपणे सिद्ध करावयाचा, स्वतंत्र शिक्षेस पात्र असा घटक होय.

या व्याख्येचे पृथक्करण केले असता तीन अंगे हाती लागतात: हत्यार, ते ज्याच्या नजरेस पडावे असा माणूस किंवा जनसमूह, आणि त्यास भेडसाविण्याचा हेतू. यांपैकी एक जरी गळाले तरी कृतीचे स्वरूप पालटते. कोल्हापूरच्या आखाड्यात मर्दानी खेळ खेळणारी मुलगी दांडपट्टा फिरविते तेव्हा पाते तळपते, प्रेक्षकही दाटीने उभे असतात. परंतु तेथे कौशल्य दाखवावयाचे असते, भय नव्हे. खंडेनवमीस आपण ज्या श्रद्धेने घरातील जुन्या तलवारीची पूजा करतो त्याच श्रद्धेने कारागिराच्या अवजारांना आणि यंत्रांना हळदकुंकू वाहतो. कारण शस्त्र आणि अवजार या दोहोंकडे आपल्या पूर्वजांनी जबाबदारीची वस्तू म्हणूनच पाहिले. शीखधर्मीयांचे कृपाण तर आपल्या राज्यघटनेनेच, २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात, धर्माचरणाचा भाग म्हणून मान्य केले आहे. म्हणजे लोखंडाविषयी कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती ते लोखंड कोणावर रोखले आहे आणि कोणत्या उद्देशाने रोखले आहे याविषयी.

हा प्रश्न पुण्याच्या पूर्वेकडील मांजरी या गावी बसून विचारण्यास एक विशेष कारण आहे. मुळा-मुठेच्या एका तीरावर मांजरी बुद्रुक आणि दुसऱ्या तीरावर मांजरी खुर्द अशी ही गावे मूळची शेतीची. ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला यांवर येथील पिढ्यांचे पोषण झाले. सहकारी साखर कारखानदारीच्या पाठबळावर १९७५ साली स्थापन झालेली, आणि पुढे वसंतदादा पाटील यांचे नाव धारण करणारी साखर संस्था मांजरी बुद्रुकलाच आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र येथेच आहे. आणि कोव्हिडच्या महासाथीत जी लस देशोदेशी गेली ती बनविणाऱ्या सीरम संस्थेचे विस्तीर्ण आवारही येथेच आहे. जून २०२१ मध्ये जी २३ गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली त्यांत मांजरी बुद्रुकचा समावेश झाला, आणि जेथे काल उसाचे फड होते तेथे आज बहुमजली इमारती उभ्या आहेत. उसाविषयीचे ज्ञान जेथून साऱ्या महाराष्ट्रात गेले त्या गावच्या परिसरात, ऊस तोडण्याचे अवजारच माणसांना भिवविण्याचे साधन व्हावे, हा कालगतीतील मोठा वेदनादायक विपर्यास होय.

कोयता ही वस्तू काय आहे, हे शहरातील पुष्कळांस ठाऊक नाही. दरसाल दसरा-दिवाळी उलटली की बीड व त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेच्या थंडीत फडात उतरावयाचे, बुडापाशी ऊस तोडावयाचा, पाचट सवळून वाढे छाटावयाचे, मोळ्या बांधून त्या गाडीवर चढवावयाच्या, हा त्यांचा कैक महिन्यांचा नित्यक्रम. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ आणि एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’ असे म्हणतात. उचल ठरते तीही कोयत्यामागे. दोन देहांचे श्रम, त्यांचे कर्ज आणि त्यांच्या मुलांचे भवितव्य ज्या एका नावात सामावले आहे ते हे नाव. शहाळे सोलणारा, झाडाची फांदी छाटणारा, कुंपणाच्या काठ्या साळणारा, या साऱ्यांच्या हाती हेच अवजार असते. गेल्या काही वर्षांत मात्र ‘कोयता’ या शब्दापुढे ‘गँग’ हा शब्द असा काही जडला आहे, की वर्तमानपत्र वाचणाऱ्या लहान मुलास तो शब्द ऐकून फड आठवत नाही, भीती आठवते. कष्टकऱ्याची भाकरी ज्याच्या पात्यावर आहे त्या वस्तूची ही बदनामी, हीसुद्धा या दहशतीने केलेली एक चोरीच आहे.

या दहशतीचे स्वरूप तपासून पाहिले पाहिजे. २०२२ च्या अखेरीस पुण्याच्या उपनगरांत तरुण मुले कोयते घेऊन रस्त्यावर उतरण्याच्या घटना इतक्या वाढल्या की नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी हा विषय विधानसभेत मांडला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये कोयता विकत घेणाऱ्याकडून आधार कार्ड मागावे अशी तजवीज पोलिसांनी केली. पुष्कळ घटनांत क्रम ठरावीक दिसतो: दोघेतिघे दुचाकीवरून येतात, हत्यार हवेत फिरवितात, उभ्या वाहनांच्या काचा फोडतात, एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यास हात घालतात, ‘आम्हीच इथले भाई’ अशी आरोळी ठोकतात, आणि निघून जातात. रक्त क्वचित सांडते. गाड्यांचे मालक बहुधा त्यांच्या ओळखीचेही नसतात; त्यांच्याशी वैर असण्याचा तर प्रश्नच नाही. मग काच कोणासाठी फोडली? ती फोडली खिडकीच्या फटीतून पाहणाऱ्यासाठी. अशा कृत्यात बळी पडणारी वस्तू आणि लक्ष्य असलेला माणूस हे वेगवेगळे असतात, आणि पंचनाम्यात फक्त वस्तूची नोंद होत असल्यामुळे खरा फिर्यादी कागदावर येतच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ‘शस्त्र’ या संज्ञेत धारदार आणि प्राणघातक हत्यारांचा समावेश केला. मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू त्यांतून वगळल्या. कायदा करणाऱ्यांनी हे शहाणपणाने केले. तसे न करते तर विळी वापरणारी गृहिणी आणि विळा वापरणारा कुणबी हे दोघेही परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवीत बसले असते. तथापि, याच तरतुदीमुळे कोयता हे अवजार की हत्यार असा वाद कोर्टात उभा राहू शकतो. मुंबई राज्यात १९५१ साली झालेल्या आणि आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने निराळी वाट धरली. त्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाईहुकूम जारी असता तलवारी, भाले, सुरे, लाठ्या यांबरोबरच शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी ‘अन्य कोणतीही वस्तू’ बाळगण्यास बंदी करता येते. एक कायदा वस्तू कशासाठी घडविली हे विचारतो, तर दुसरा ती कशासाठी उपयोगी पडेल हे विचारतो. माझ्या मते या दोहोंहून महत्त्वाचा प्रश्न तिसराच आहे: ती त्या वेळी, त्या ठिकाणी, कोणाला कशासाठी दाखविली गेली? फडातील कोयता आणि मध्यरात्री चौकात फिरविलेला कोयता यांचे पोलाद एकच असेल. परंतु हेतू आणि प्रसंग यांनी त्या दोन सर्वस्वी भिन्न वस्तू बनतात.

हा तिसरा प्रश्न आमच्या दंडविधानास अपरिचित नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘हमला’ या गुन्ह्याची व्याख्या करताना प्रत्यक्ष स्पर्शाची अट घातलीच नव्हती. आता आपल्यावर बळाचा प्रयोग होणार अशी धास्ती समोरच्यास वाटेल असा हावभाव पुरेसा मानला होता, आणि उदाहरण दिले होते ते नुसती मूठ उगारणाऱ्याचे. बेकायदा जमावाची व्याख्या करताना त्याच संहितेने बळाचा प्रयोग आणि बळाचे प्रदर्शन हे दोन्ही एकाच वाक्यात, शेजारी शेजारी बसविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही रचना कायम आहे. परंतु सर्वांत उद्बोधक आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा, फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यातील निवाडा. जबरी चोरी करताना प्राणघातक हत्याराचा ‘वापर’ करणाऱ्यास किमान ७ वर्षांची शिक्षा सांगणाऱ्या, जुन्या दंड संहितेच्या ३९७ व्या कलमातील ‘वापर’ म्हणजे काय, हा तेथे प्रश्न होता. आरोपीच्या हाती सुरा होता; त्याने तो कोणास मारला नव्हता. न्यायालयाने ठरविले की, बळी पडणाऱ्यास दिसेल आणि त्याच्या मनात धडकी भरेल अशा रीतीने हत्यार हाती धरणे हाच त्याचा वापर होय. तसे न मानावे तर, केवळ सशस्त्र असताना जबरी चोरीचा प्रयत्न करून फसलेल्यास ७ वर्षे आणि चोरी तडीस नेणाऱ्यास त्याहून कमी, असा विपरीत निष्कर्ष निघेल, हेही न्यायालयाने दाखवून दिले. अर्धशतकापूर्वी दिलेला हा निवाडा वकिलांच्या पुस्तकांत राहिला. समाजाच्या समजुतीत तो अद्याप उतरलेला नाही.

तो का उतरला पाहिजे, हे समजण्यासाठी भयाच्या स्वरूपाचा विचार केला पाहिजे. वार एका देहावर पडतो. धाक मात्र दृष्टीच्या टप्प्यात असलेल्या प्रत्येकावर, आणि ऐकीव बातमीने त्यापलीकडच्या शेकडो लोकांवर पडतो. जखमेला तारीख असते, ती बरी होते किंवा होत नाही, पण तिचा हिशेब संपतो. धमकीला मुदत नसते. शिवाय, वार केल्याने हल्लेखोराची शक्ती प्रकट होऊन संपते, त्याच्यावर खुनाचा किंवा जबर दुखापतीचा गुन्हा दाखल होतो, तो गजाआड जातो. धाक घालणारा मात्र मुद्दलाला हात न लावता वर्षानुवर्षे व्याज खाणाऱ्या सावकारासारखा असतो: हत्यार एकदा दाखवावयाचे आणि मग केवळ त्याच्या स्मृतीवर हप्ते गोळा करावयाचे. दुकानदार फळी लवकर लावू लागतो, मुलीची रात्रीची शिकवणी बंद होते, भाडेकरू दुसरीकडे जागा पाहतो, साक्षीदार ‘मी काही पाहिले नाही’ असे सांगतो, सोसायटीच्या सभेत कोणी तोंड उघडीत नाही. यांपैकी एकाही गोष्टीची फिर्याद होत नाही, कारण प्रत्येक निर्णय त्या त्या माणसाने ‘स्वेच्छेने’ घेतलेला असतो. धाकाचे खरे क्रौर्य येथे आहे. तो माणसाचे हातपाय बांधीत नाही. तो त्याच्या इच्छेतच शिरतो आणि तिच्याकडूनच आपले काम करवून घेतो.

दाखविलेल्या शस्त्राने किती मोठे काम होऊ शकते, याचा दाखला पुण्याच्याच इतिहासात आहे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ साली पंढरपुरास खून झाला. त्याबद्दल पेशवे दुसरे बाजीराव यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांस इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले, आणि १८१६ मध्ये ते तेथून निसटले. त्यानंतर मे १८१७ मध्ये रेसिडेंट एल्फिन्स्टन याने इंग्रजी फौजा आणून पुण्यास वेढा दिला आणि बाजीरावाकडे त्रिंबकजींना स्वाधीन करण्याची व तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले ताब्यात देण्याची मागणी केली. शहरावर तोफ डागली गेली नाही. तरीही पेशव्यांनी किल्ले दिले, आणि १३ जून रोजी झालेल्या पुण्याच्या तहाने मराठी राज्यमंडळाच्या अग्रत्वावरील आपला हक्कही सोडून दिला. पुढे ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, आणि राज्य खडकीस बुडाले असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. वस्तुतः स्वातंत्र्याचा गाभा पाच महिने आधीच, एकही गोळी न झाडता, कागदावर सही होऊन गेला होता. ज्यांच्या मते न वापरलेले शस्त्र निरुपद्रवी असते त्यांनी १८१७ च्या मे महिन्यात पुण्याभोवती उभ्या असलेल्या पलटणींनी नेमके काय केले याचा जबाब द्यावा.

राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहारातही जगाने हाच धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. दोन महायुद्धांच्या अनुभवानंतर १९४५ साली संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिली गेली, तेव्हा तिच्या दुसऱ्या अनुच्छेदात सदस्य राष्ट्रांना बळाचा प्रयोग आणि बळाची धमकी या दोहोंपासून दूर राहण्यास सांगितले गेले. ८ जुलै १९९६ रोजी अण्वस्त्रांसंबंधी सल्लामत देताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तत्त्व अधिक स्पष्ट केले: ज्या परिस्थितीत बळाचा प्रयोग बेकायदा ठरतो त्या परिस्थितीत तो करण्याची धमकीही बेकायदाच ठरते. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशाचे युद्ध चालू असता अमेरिकेच्या सातव्या आरमारातील ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात येऊन उभी राहिली, त्या दिवसांतील प्रक्षोभ ज्यांना आठवत असेल त्यांना या तत्त्वाचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. येथे कोणी म्हणेल की आपले राष्ट्रही अण्वस्त्रे बाळगते, मग तो धाकच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु २००३ साली भारताने जाहीर केलेल्या धोरणात प्रथम वापर न करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले आहे. कोणत्या मर्यादेत, कशाच्या प्रत्युत्तरादाखल बळ वापरले जाईल हे आधी सांगणे, आणि काहीही न सांगता समोरच्यास अनिश्चित भयात ठेवणे, यांत जे अंतर आहे तेच जरब आणि दहशत यांत आहे. कायद्याची जरब काय करू नये ते सांगते आणि त्यापलीकडे माणसास मोकळे सोडते. दहशत काहीच सांगत नाही, म्हणून माणूस सर्वच गोष्टींपासून आखडता राहतो.

माझ्या प्रतिपाद्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. भय ही मनाची अवस्था असल्यामुळे ती मोजावी कशी? भित्र्या माणसास साधी काठीही भयंकर वाटेल, आणि मग त्याच्या भित्रेपणाची शिक्षा एखाद्या निरपराध्यास होईल. ही शंका मी हलकी मानीत नाही. विशेषतः परजिल्ह्यांतून आलेला, अंगावर मळके कपडे असलेला ऊसतोड मजूर केवळ कोयता जवळ सापडला म्हणून चौकीत बसविला जाण्याचा संभव खरा आहे, आणि खरेदीच्या वेळी ओळखपत्र मागण्यासारख्या उपायांचा भार प्रामाणिक गिऱ्हाइकावरच अधिक पडतो. परंतु या शंकेचे निरसन अपराध सौम्य मानण्यात नसून तो नेमका सिद्ध करण्यात आहे. भिणाऱ्याचे मन हे मोजमाप नसावे. दाखविणाऱ्याचा हेतू आणि सर्वसाधारण धैर्याच्या माणसावर होणारा परिणाम हे मोजमाप असावे. स्थळ, वेळ, शब्द, हावभाव, सोबत केलेली नासधूस, यांवरून हेतू सिद्ध करण्याचे काम आमची न्यायालये दीडशेहून अधिक वर्षे करीत आली आहेत. तेच त्यांनी येथे करावे.

दुसरा धोका याच्या नेमका उलट दिशेचा आहे, आणि तो मला अधिक चिंतेचा वाटतो. दहशतीस दहशतीनेच उत्तर द्यावे, ही भावना त्रासलेल्या लोकांत सहज पसरते. पकडलेल्या आरोपींची, जेथे त्यांनी हत्यारे फिरविली त्याच रस्त्यांवरून पोलिसांनी धिंड काढावी, लोकांनी ती पाहावी आणि टाळ्या वाजवाव्या, असे प्रकार पुण्यात घडले आहेत. लोकांचा संताप मी समजू शकतो. ज्याने आपल्याला भिवविले त्याला मान खाली घालून चालताना पाहिले की गेलेला आत्मविश्वास परत आल्यासारखा वाटतो. परंतु धिंड हेसुद्धा एक प्रदर्शन आहे, आणि ते निकालाआधीचे आहे. बेड्यांचा सरसकट उपयोग मनुष्याच्या प्रतिष्ठेस आणि घटनेस विसंगत आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवले आहे. आणि पुण्याने तर कायद्याच्या नावाने चाललेल्या दहशतीचा अनुभव पेशवाईतच घेतला आहे: घाशीराम कोतवालाच्या अमलात शहराचा बंदोबस्त कडक होता, पण त्या बंदोबस्ताचेच भय रयतेच्या मनात इतके साचले की १७९१ साली, त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले तेव्हा, लोकांनी त्यास दगडांनी ठेचून मारले. अधिकाऱ्याची दहशत शेवटी जमावाच्या दहशतीतच पर्यवसान पावते. चौकात कोयता फिरविणाऱ्या मुलाने जी भाषा निवडली तीच भाषा राज्यसंस्थेने बोलावयास घेतली, तर वाद जिंकला कोणी, हे ठरविणे कठीण होईल.

मग करावे काय? प्रथम, शस्त्राच्या प्रदर्शनाची नोंद ‘वाहनांची तोडफोड’ या सदराखाली न दडविता त्याच्या खऱ्या नावाने व्हावी, फौजदारीपात्र धाकदपटशाची कलमे लावली जावी, आणि ज्या वस्तीत ते घडले तिला बाधित पक्ष मानून तेथील लोकांच्या जबान्या घेतल्या जाव्या. दुसरे, खटला लवकर उभा राहावा. जामिनावर सुटलेला आरोपी आठवड्याभरात त्याच गल्लीत मिरवू लागला तर साक्षीदाराच्या धैर्याची परीक्षा पाहण्याचा नैतिक अधिकार सरकारला राहत नाही. तिसरे, अशा प्रकरणांत सापडणारी कित्येक मुले अल्पवयीन असतात. त्यांच्यासाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे, आणि त्याचा सुधारणेचा हेतू मनापासून राबविला पाहिजे. कारण शिक्षण सुटलेल्या, काम नसलेल्या, घरी किंवा दारी कोणी नावाने हाक न मारणाऱ्या मुलास हत्यार हाती घेतल्याबरोबर सारा मोहल्ला ओळखू लागतो, हे त्या वयातील फार मोठे आमिष असते. ते आमिष नाहीसे करावयाचे तर त्याला नाव मिळविण्याची दुसरी वाट दाखविली पाहिजे. चौथी गोष्ट आपल्या सर्वांच्या हातातील आहे. कोयता फिरविल्याची चित्रफीत जो भ्रमणध्वनीवरून पुढे धाडतो, आणि दिवसभर तीच ती पडद्यावर दाखविणारी जी वृत्तवाहिनी असते, त्या दोघांमुळे एका गल्लीतील धाक साऱ्या शहराचा होतो. ती फीत तपासासाठी पोलिसांकडे द्यावी आणि तेथेच थांबावे.

याहून अवघड, पण याहून परिणामकारक असा एक उपाय जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत दिसला. एका तरुणीच्या मागे एक तरुण कोयता घेऊन धावत होता, तिच्यावर वार करीत होता; रस्ता माणसांनी भरलेला असूनही पुष्कळांचे पाय जागच्या जागी खिळले होते. त्या वेळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने पुढे होऊन तो उगारलेला हात धरला, दुसरे धावले, आणि मुलगी वाचली. प्रत्येकाने असे करावे असा उपदेश मी करणार नाही. निःशस्त्र माणसास सशस्त्र माणसावर चालून जाण्यास सांगण्याचा अधिकार लेखकास नसतो. तथापि, या घटनेतून एक सत्य स्पष्ट झाले. तेथील गर्दीस थोपवून धरणारे बळ पात्याच्या धारेत फार थोडे होते. ‘दुसरा कोणी पुढे होणार नाही’ या प्रत्येकाच्या मनातील खात्रीत ते अधिक होते. ती खात्री एका माणसाने मोडली, आणि शस्त्र तेच असूनही त्याचा धाक संपला. म्हणून शेजाऱ्याशी ओळख ठेवणे, फिर्यादीबरोबर चौकीपर्यंत चार माणसांनी जाणे, साक्ष देणाऱ्याच्या दुकानावर दुसऱ्या दिवशी आवर्जून खरेदी करणे, ही कामे दिसावयास लहान असली तरी दहशतीच्या मुळावर घाव घालणारी आहेत. मांजरीसारख्या गावात, जेथे जुने गावकरी आणि नव्या इमारतींत राहावयास आलेले लोक एकमेकांस अजून पुरते ओळखत नाहीत, तेथे या कामांची निकड सर्वांत अधिक आहे.

नागरिकाचे स्वातंत्र्य म्हणजे त्याचे शरीर धड राहणे एवढेच नव्हे. कोठे राहावे, कोणता धंदा करावा, रात्री किती वाजता घरी यावे, कोणाविरुद्ध साक्ष द्यावी, सभेत काय बोलावे, हे त्याने स्वतःच्या बुद्धीने ठरवावे आणि त्या निर्णयात दुसऱ्याच्या हातातील लोखंडाचा वाटा नसावा, हा त्याच्या स्वातंत्र्याचा खरा अर्थ आहे. शस्त्र दाखविणारा नेमका या निर्णयशक्तीवर आघात करतो, आणि तो आघात रक्ताच्या थेंबाने मोजता येत नाही म्हणून तो लहान ठरत नाही. आमच्या न्यायालयांनी हे ओळखले आहे, राष्ट्रांच्या सनदेने ते मान्य केले आहे, आणि आमच्या शहराच्या इतिहासाने ते दोन शतकांपूर्वी सोसले आहे. आता पोलीस चौकीच्या रोजनाम्याने आणि आपल्या प्रत्येकाच्या न्यायबुद्धीने ते स्वीकारले पाहिजे. उगारलेल्या शस्त्रास त्याच्या खऱ्या नावाने अपराध म्हणण्याची सवय समाजास लागली, तर श्रमिकाचा कोयता त्याच्या फडात सन्मानाने चालत राहील आणि चौकात तो उगारणाऱ्यास कायद्यापुढे कोणताही आसरा उरणार नाही.